सासऱ्यांचा वन्समोर

मुरुममध्ये नाटक चांगलं की वाईट हे आमच्या ओसरीवर ठरायचं. सासरची बढाई म्हणून सांगत नाही. गाव तसं मानायचं, आणि माझे सासरे तर फारच मानायचे. त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा ओसरीवर त्यांची बैठक जास्त. निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी सकाळची लिंगपूजा आणि न्याहारी उरकली की सासरे पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसायचे आणि दोघं जण यायचे. एक उर्दू शाळेतले मास्तर. ते दिवसभर मुलांना उर्दूतून गणित शिकवायचे आणि वाटेनं मराठी नाट्यपदं गुणगुणत घरी जायचे. दुसरे मागच्या गल्लीतले दर्जी, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते कव्वालीला तबला धरायचे, त्यामुळं कुणाचा ठेका चुकला की यांचा जीव कासावीस व्हायचा. "बर्री, कूडरी," सासरे दोघांना म्हणायचे, म्हणजे या, बसा. ते दोघं सासऱ्यांना अप्पा म्हणायचे. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असायची.

मी लग्न होऊन आले ती सोलापूरहून, म्हणजे इंग्रजी मुलखातून. माझे वडील नाटकवेडे होते. कंपनी आली की आम्हा बहिणींना घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठं बेसूर झालं ते आम्हालाच विचारायचे. त्यामुळं आपल्याला गाण्यातलं कळतं असा माझा पक्का समज होता, आणि तो अजून आहे. पण सासरी आल्याआल्या सासूबाईंनी मला बजावलं. आम्ही त्यांना अत्ती म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा. त्या म्हणाल्या, "मामांच्या म्होरं मोठ्यानं बोलायचं न्हाय. काय सांगायचं ते दाराआडून, हळू." माझा आवाज मुळातच दणदणीत. माहेरी कुणाला लांबून हाक मारायची असली की मलाच पुढं करायचे. तो आवाज मी गिळला. सासरे दिसले की पदर पुढं, मान खाली आणि बोलणं इतकं बारीक की माझं मला ऐकू येऊ नये. मनातल्या मनात मात्र मी ओसरीवरच्या प्रत्येक वादात भाग घ्यायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे.

हे रझाकारांचं नाव आमच्या कानी पडायच्या आधीचं. एकदा सासरे दाराकडं पाठ करून पोथी वाचत होते आणि माझ्या हातून फळीवरची पितळी भांडी घसरली. काय तो आवाज! शेजारची बाई "काय पडलं गं?" म्हणून धावत आली. सासऱ्यांनी शांतपणे पान उलटलं.

मग मी त्यांच्यावर लक्षच ठेवलं. माणूस बोलत असला की त्यांची नजर त्याच्या ओठांवर असायची. ते स्वतः प्रश्न जास्त विचारायचे, म्हणजे उत्तर काय येणार ते आधीच ठाऊक. बाकीचे हसले की क्षणभर मागून हसायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं की माझा नवरा हातातलं काम टाकून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहायचा. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गप ऱ्हा. कुणाला बोलू नको." त्याला ठाऊक होतं. अत्तींनाही ठाऊक होतं. पण घरात कुणी कुणाजवळ ते बोललं नव्हतं, कारण गाण्याचा न्याय करणारा माणूस बहिरा निघाला तर ओसरीवर कोण येणार? आणि ओसरी गेली तर त्यांच्याजवळ राहिलं काय? पान आणि पोथी. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय हे सांगायचीही सोय नव्हती.

अशात ते नाटक आलं. जुनं पौराणिक संगीत नाटक. सासऱ्यांनी तरुणपणी बैलगाडीनं तुळजापूरला जाऊन त्याचे ओळीनं प्रयोग पाहिले होते, आणि पुढं एका कंपनीनं ते कानडीतही केलं तेव्हा तेही पाहिलं होतं. तेव्हा नायिकेचं काम पुरुष करायचा. त्या नटाचा विषय निघाला की सासरे हातातलं पान खाली ठेवायचे. पानासकट त्याच्याविषयी बोललेलं त्यांना चालत नसे. आता सोलापुरात बोलपटांनी नाटकांची गिऱ्हाइकी खाल्ली, म्हणून एका कंपनीनं ते जुनं नाटक पुन्हा बसवलं होतं आणि जिथं बोलपटाचा पडदा अजून लागला नाही अशी गावं शोधत ती आमच्याकडं आली होती. परवान्याचा अर्ज मास्तरांनी उर्दूत लिहिला. पोलिसांचे अमीनसाहेब म्हणाले, "यातला राजा हरतो का?" मास्तरांनी सांगितलं, हरतो, पण शेवटी त्याला सगळं परत मिळतं. मग इजाजत मिळाली.

कंपनी येण्याआधीच ओसरी पेटली होती, कारण या खेपेला नायिकेचं काम खरीखुरी बाई करणार होती.

"बाईचं काम बाईनं केलं, त्यात कसब काय?" सासरे म्हणाले. "माझी बायको रोज करती की."

आत अत्तींनी भाकरी जरा जोरात थापली.

मास्तर नव्या बाजूचे. काळ बदलला, आता मिशा काढलेली नायिका कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. चाचांना बाई की बाप्या याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते म्हणाले, "तबला कौन बजाता, वो बोलो." तेव्हा वाद मोठ्या आवाजात चालायचे, आणि सासरे दोघांच्या मधे बसून दोघांच्या ओठांकडं बघत ते निभावून न्यायचे.

प्रयोगाला आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बसलो. चिकातून दिसायचं कमी, म्हणून आम्ही कान देऊन ऐकायचो. पहिला अंक बरा झाला. दुसऱ्या अंकात नायिकेचं निरोपाचं पद होतं, ज्याच्यासाठी जुने लोक हे नाटक बघत. बाईनं सुरुवात सुरेख केली. पायपेटी हळू झाली, बाई वर चढली, आणि ऐन वरच्या सुरावर तिचा आवाज चिरकला. साधासुधा नाही, कापड फाटावं तसा. सगळ्या मांडवात कुणी हूं की चूं केलं नाही. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून माझ्या सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "वन्समोर!"

आमच्या गावात पहिला वन्समोर त्यांचाच असायचा. त्यांनी दिल्याशिवाय दुसरा कुणी देत नसे, आणि त्यांनी दिला की सगळे देत. पण फसलेल्या गाण्याला वन्समोर म्हणजे काय, हे नाटक बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणजे जोडा मारणं. मागच्या लोकांनी हसून शिट्ट्या वाजवल्या आणि सगळीकडून वन्समोर, वन्समोर सुरू झालं. अत्तींनी माझा हात घट्ट धरला. बाई तशीच उभी होती. मग तिनं पायपेटीवाल्याकडं बघून मान हलवली आणि पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आणि त्या वेळी तिचा तो सूर असा लागला की शिट्ट्या मारणारे गप्प झाले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते निम्मं तिच्यासाठी आणि निम्मं पहिल्या रांगेसाठी.

पुढच्या शुक्रवारी ओसरीवर नाटकाचं राहिलं बाजूला, वन्समोरवरच वाद. चाचांचं म्हणणं, अप्पांनी तिला असा टोमणा मारला की जन्मभर लक्षात राहील. "क्या चोट मारी अप्पा! कंपनीवाले अब्बी तक गाल चोळतेत."

मास्तर खवळले. "टोमणा न्हाय तो. बाई चुकली, तिला पुन्हा गायला मिळावं म्हणून दिलेला वन्समोर होता तो. दयेचा."

दोघांचं इतकं जुंपलं की तबकातली सुपारी सांडली. सासरे एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघून मंद हसत होते. दोघांनाही वाटलं, अप्पा आपल्याच बाजूचे. मी दाराआड उभी होते. मला ठाऊक होतं की तो टोमणाही नव्हता आणि दयाही नव्हती. त्यांना ते चिरकणं ऐकूच आलं नव्हतं. बाईनं तोंड उघडलं, हात वर नेला, चेहरा वर केला, आणि पद संपलं असं समजून एका जुन्या रसिकानं मनापासून दाद दिली होती, एवढंच.

गावभर त्या वन्समोरची कीर्ती झाली. दोन शुक्रवार सासरे नुसते फुलून आले होते. का, ते त्यांना नीट कळत नव्हतं, पण लोक मान देतात एवढं दिसत होतं.

मग एकदा चाचा पानाला चुना लावत, मान खाली घालून म्हणाले, "पर अप्पा, तबला कैसा लगा, सच्ची बोलो."

ओठ दिसले नाहीत. सासरे म्हणाले, "व्हय, पडदे लई रंगीत व्हते. राजवाड्याचा तर लईच."

चाचांनी वर बघितलं. मास्तरांनी चाचांकडं बघितलं. मग मास्तर पाठीमागच्या खांबाजवळ पाणी प्यायला गेले आणि तिथून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अप्पा, माझा जोडा कुठं दिसतो का?" सासरे तबकातला अडकित्ता पुसत बसले होते. मास्तर परत येऊन बसले. मी दाराआड चौकट धरून उभी होते.

आता दोघं काही वाईट माणसं नव्हती. वाईट असती तर हसली असती, चारचौघांत सांगत फिरली असती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. उलट ती फार चांगली वागायला लागली, आणि तिथंच सगळं बिघडलं. सासरे काहीही म्हणाले की मास्तर म्हणणार, "व्हय अप्पा." चाचा म्हणणार, "हौ अप्पा." बाईचं काम बाईनं करावं? व्हय. पायपेटी चांगली की सारंगी? तुम्ही म्हणाल ती. पान खाऊन, मान हलवून दोघं लवकर उठायचे. पुढं एक शुक्रवार आलेच नाहीत. नंतरच्या शुक्रवारीही नाही. सासरे तिघांची पानं लावून बसायचे आणि दुपारी दोन पानं अत्तींच्या हातात द्यायचे.

एका शुक्रवारी मी देवळातून येताना मागच्या गल्लीनं आले. चाचांच्या दुकानात मशीन बंद होतं आणि आत मास्तरांचा आवाज टिपेला पोचला होता. जुना नट मोठा की ही बाई, यावर दोघं तावातावानं भांडत होते. मला इतका राग आला! आमची ओसरी ओस पाडून इथं नाटक चाललं होतं होय? पण राग कुणावर काढणार. बहिऱ्या माणसाशी भांडायला मोठ्यानं बोलावं लागतं, आणि अप्पांवर ओरडायचं कुणी? मास्तर वयानं लहान. चाचांना मोठ्यांची अदब फार. घरात मुलगा बापापुढं मान वर करत नसे. सगळ्यांच्या तोंडाला मर्यादा बांधलेल्या, आणि त्यात एक म्हातारा एकटा पडत चालला होता.

शेवटी अत्तींनीच चाचांना निरोप पाठवला की पानं वाया जातेत. पुढच्या शुक्रवारी दोघं आले. सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी बसल्याबसल्या सुरुवात केली.

"मी म्हणतो, या बाईनं पद काय म्हटलं! जुन्याला मागं टाकलं."

"व्हय अप्पा," मास्तर म्हणाले.

सासरे थांबले. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे सूर्य मावळतीला उगवणं. मास्तरांनी टाळी वाजवून नाचायला हवं होतं, किंवा चाचांनी उठून उभं राहायला हवं होतं. सासऱ्यांनी दोघांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मग मुद्दाम, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "आन त्यो जुना नट. त्याला सूरच नव्हता."

"हौ अप्पा," चाचा म्हणाले.

सासऱ्यांनी हातातलं पान तबकात ठेवलं.

"मास्तर, मी मेलो का?" ते म्हणाले. "मयताच्या घरी माणसं अशी मान हलवतेत. काय बी म्हणा, व्हय व्हय. मी अजून बसलोय की हितं."

मास्तरांची मान खाली गेली. चाचा डोळे पुसायला लागले. दोघं आता बोलले तरी हळूच बोलणार, हे मला दिसत होतं. त्यानंतर मी काय केलं ते ठरवून केलं नाही. आधी ठरवलं असतं तर हातून झालं नसतं. मी उंबरा ओलांडून ओसरीवर गेले, पदर डोक्यावर होता तेवढाच शहाणपणा, आणि सासऱ्यांच्या समोर बसून माहेरच्या आवाजात ओरडले, "मामा! बाईचा आवाज चिरकला होता! तुम्हाला ऐकू आलं नाही!"

आतून अत्तींचं "अय्यो शिवा!" ऐकू आलं. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला. सासरे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि मला माहेरी पाठवतील.

सासरे म्हणाले, "कुठं?"

"काय?"

"चिरकला कुठं? कुठल्या सुरावर?"

आता नाटकवेडा माणूस दुसरं काय विचारणार! मी पुढं सरकले आणि त्यांच्या कानाशी ती ओळ गायले. निरोपाचं पद, भरल्या ओसरीवर, परपुरुषांच्या देखत. वरच्या सुराला पोचले आणि तिथं आवाज जसा फाटला होता तसा फाडून दाखवला. सासऱ्यांनी कानाला हात लावला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"आणि दुसऱ्या बारीला?"

"दुसऱ्या बारीला लागला! फार सुरेख लागला!"

"मला दोन्ही बारीला त्योच आवाज ऐकू आला," ते हळू म्हणाले. "तोंड तिचं हलत व्हतं. पर आवाज त्या जुन्याचाच. तुळजापुरातला." मग डोळे उघडून त्यांनी दोघांकडं बघितलं. "म्हंजे माझा वन्समोर बरोबरच व्हता की. माझ्यामुळं तिला दुसऱ्यांदा गावं लागलं, आन तवा लागला."

"बराबर कैसा?" चाचा एकदम म्हणाले, आणि मग, माझ्याकडं बघून, छातीत श्वास भरून ओरडले, "बराबर कैसा अप्पा! सुन्याच नै तो वन्समोर कायका!"

"दिला ते महत्त्वाचं!" मास्तर चाचांवर आणि सासऱ्यांवर एकदमच ओरडले. "आणि जुन्या नटाला सूर नव्हता म्हणता? जिभेला हाड हाय का अप्पा!"

"आता कसं!" सासरे म्हणाले आणि मांडी बदलून बसले.

त्या दिवशी तिघं दुपारपर्यंत भांडले. आवाज इतका लांब गेला की चौकीवरून शिपाई आला आणि मारामारी कुठं चाललीय म्हणून विचारू लागला. माझ्या नवऱ्यानं त्याला पान देऊन परत पाठवला. अत्ती माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण जेवताना त्यांनी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

दोघं गेल्यावर मी भांडणात सांडलेली सुपारी गोळा करायला ओसरीवर गेले. सवयीनं मान खाली आणि तोंड बंद. सासरे अजून तिथंच बसले होते.

"सूनबाई," ते म्हणाले.

मी थांबले.

"घरात येऊन दोन वर्सं झाली तुला. दारात उभी ऱ्हायची, ओठ हलायचे. मला वाटायचं, पोर काय तरी सांगती, आन मी काय बी न समजता मान हलवायचो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "आज पयल्यांदा तुझा आवाज ऐकला."

आता न बोलून चालणार नव्हतं, आणि हळू बोलून तर मुळीच नाही. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "कसा आहे, मामा?"

त्यांनी नाटकाचा निकाल द्यायच्या वेळी घ्यायचे तेवढा वेळ घेतला.

"जाड हाय," ते म्हणाले. "पर सुरात हाय."